माझ्याकडं बरोबर दिसतंय!

काळ्या रंगाच्या बाबतीत मराठी भाषा फार श्रीमंत आहे. डोळे काळेभोर असतात, रात्र काळीकुट्ट असते, डोहाचं पाणी काळंशार असतं, डोंगराचा कडा काळाकभिन्न असतो आणि विठोबा सावळा असतो. ही विशेषणं एकमेकांत बदलून चालत नाहीत. विठोबाला काळाकुट्ट म्हणून पाहा, शेजारचा वारकरी टाळ तुमच्याच डोक्यावर वाजवील. आणि असली श्रीमंत भाषा बोलणारी आपण माणसं, घरच्या लग्नाचा व्हिडिओ लावून बसतो, पडद्यावर काळा म्हणून चुलीतल्या राखेचा रंग बघतो आणि म्हणतो काय, तर "चालतंय की!"

माझं आजचं भांडण या 'चालतंय की'शी आहे. पण त्याहून मोठं भांडण त्याच्या थोरल्या भावाशी आहे. तो भाऊ म्हणजे "माझ्याकडं बरोबर दिसतंय!" हे वाक्य तुम्हीही ऐकलेलं असणार. व्हिडिओ फिक्का आला, चेहरे जळाले, सावळ्या मुलीचा कोळसा झाला किंवा पिठाची बाहुली झाली, अशी तक्रार घेऊन तुम्ही गेलात की व्हिडिओ करणारा खुर्ची मागे रेलून शांतपणे म्हणतो, "माझ्याकडं बरोबर दिसतंय." शिंप्यानं तुमचा सदरा स्वतःच्या अंगात घालावा आणि "मला तर अगदी बरोबर बसतोय" म्हणून बिल पुढं करावं, तसला हा प्रकार. शिंप्याला आपण सोडला नसता. व्हिडिओवाल्याला सोडतो, कारण त्यातलं आपल्याला काही कळत नाही अशी आपलीच समजूत आहे.

ही समजूत माझीही होती. ती पाटसला मोडली.

पाटस ही माझी सासुरवाडी. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्याहून साठेक किलोमीटरवर हे गाव आहे. टोलनाक्यासाठी थांबलेल्यांना ते टोलनाक्यामुळे माहीत असतं, ऊसवाल्यांना भीमा साखर कारखान्यामुळे आणि वारकऱ्यांना रोटी घाटाच्या अलीकडचं म्हणून. मला ते ठाऊक आहे जावयाला आग्रह करून करून आडवा पाडणारं गाव म्हणून. माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं लग्न झालं आणि नव्या सुनेची पहिली संक्रांत आली. पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी आणि हलव्याचे दागिने. हलवा पुण्याहून, तुळशीबागेतून मागवलेला. आणि शूटिंगला स्टँडजवळच्या स्टुडिओतला गावचाच पोरगा.

आता जरा विचार करा. काळ्या चंद्रकळेवर पांढराशुभ्र, काटेरी हलवा. एका चौकटीत जगातलं सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं, आणि मध्ये माणसाचा गव्हाळ चेहरा. कॅमेऱ्याची याहून कडक परीक्षा घेणारा सण दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. त्यात त्या दिवशी सासूबाईंनी ट्रंक उघडून त्यांच्या स्वतःच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा काढली. तांबड्या काठांची, नऊवारी, साठ वर्षं डांबराच्या गोळ्यांत झोपलेली. ती नेसून त्या नातसुनेशेजारी पाटावर बसल्या, आणि पोरानं मन लावून शूटिंग केलं. हे मी मुद्दाम सांगतो. पोरगा आळशी नव्हता. पुढं जे झालं ते आळसानं झालेलं नाही, म्हणूनच ते लिहिण्यासारखं आहे.

आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह आला. मेव्हण्यानं नवा टीव्ही घेतला होता, भिंत झाकणारा. सगळी मंडळी जमली, टीव्ही लागला, आणि सासूबाईंची चंद्रकळा पडद्यावर अवतरली ती अशी, की सोडा टाकून तीनदा उकळून काढलेली वाटावी. हलवा साबुदाण्यासारखा. सगळ्या चित्रावर धुकं. कुणी काही बोलेना. शेवटी सासरे म्हणाले, "ही साडी मी बारामतीच्या बाजारातनं आणली हुती. करडी नव्हती."

पोराला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं आपला मोबाइल काढला, तीच फाइल लावली. मोबाइलवर चंद्रकळा काळीभोर! तो म्हणाला, "दाजी, तुम्हीच बघा. माझ्याकडं बरोबर दिसतंय." मी बघितलं. त्याच्याकडं खरोखरच बरोबर दिसत होतं. मेव्हणा म्हणाला, "आरं, पण टीव्ही चाळीस हजाराचा हाय. त्यो खोटं बोलंल का?" मोठ्या पडद्याचं वजन मोठं. पोरानं मान खाली घातली, फाइल परत नेली आणि मेव्हण्याच्या टीव्हीवर काळं दिसेपर्यंत चित्र गडद करून दुसरी आवृत्ती आणली. टीव्हीवर साडी काळी झाली. मेव्हणा खूश झाला. मात्र "पयल्यांदाच का नाही केलं?" म्हणून त्यानं पोराचे पैसे कापले ते कापलेच. तीच दुसरी फाइल नातेवाइकांच्या मोबाइलवर गेली, आणि मुंबईच्या मावशींचा फोन आला, "आई दिसतच नाहीये गं! नुसता चेहरा आणि दोन हात तरंगतायत." चंद्रकळेच्या जागी भोक पडलं होतं. सासूबाई साडी न नेसता अंधार नेसून बसल्या होत्या.

एक संक्रांत, एक साडी आणि जितके पडदे तितके रंग. हे होतं कसं? माझा भाचा पुण्यात व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो. त्याला मी विचारलं. त्यानं मला जे सांगितलं ते इतकं सोपं होतं, की इतकी वर्षं ते कुणी सांगितलं कसं नाही याचाच मला राग आला.

व्हिडिओमध्ये उजेडाच्या पायऱ्या असतात. नेहमीच्या आठ बिटांच्या व्हिडिओत त्या ० ते २५५, म्हणजे २५६. आता कॉम्प्युटरच्या मंडळींचा हिशेब सरळ. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. पण टीव्हीची मंडळी जुन्या घराण्यातली. १९८२ साली डिजिटल टीव्हीचं जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, त्यात त्यांनी काळा धरला १६ वर आणि पांढरा २३५ वर. वरची आणि खालची जागा मोकळी सोडली, कारण तारेतून येणारा सिग्नल उसळ्या मारतो, त्याला डोकं आपटायला नको. घर बांधताना आपण जोतं वर घेतो आणि छताला उंची ठेवतो, तसंच. पुढं १९९० मध्ये हाय डेफिनिशनसाठी ७०९ क्रमांकाचं प्रमाण आलं. त्यातही हे जोतं तसंच राहिलं आणि आजही घरोघरच्या व्हिडिओत आहे.

म्हणजे घरं दोन तऱ्हेची. एकाची जमीन शून्यावर, दुसऱ्याची सोळावर. दोन्ही बरोबर. फक्त फाइलबरोबर एक चिठ्ठी जायला हवी की बाबा, आमची जमीन सोळावर आहे. ती चिठ्ठी फाइलच्या पोटात असते. ती दिसत नाही, पण टीव्ही ती वाचतो. पोराच्या पहिल्या फाइलमध्ये चित्र होतं सोळावालं, आणि एक्स्पोर्ट करताना कुठलंसं एक बटण दाबलं जाऊन चिठ्ठी लागली शून्यवाल्याची. मेव्हण्याच्या टीव्हीनं ती चिठ्ठी इमानेइतबारे वाचली. त्याला वाटलं, जमीन शून्यावर आहे, आणि ही साडी तर सोळा पायऱ्या वर लटकतेय, म्हणजे ती काळी नसून करडी असणार! पोराच्या मोबाइलनं चिठ्ठी वाचलीच नाही. नेहमीच्या सवयीनं त्यानं जमीन सोळावर धरली आणि नेमकी तीच बरोबर निघाली. प्रामाणिक टीव्ही फसला आणि बेफिकीर मोबाइल पास झाला. असं आपल्या ऑफिसातसुद्धा होतं, पण तो विषय वेगळा.

चिठ्ठीत आणखी तीन गोष्टी असतात. रंगांची मूळ छटा कुठली, उजेडाचा चढ कसा आणि रंगांचा हिशेब कुठल्या सूत्रानं मांडलाय. तिन्हींना एकेक आकडा असतो. तिन्ही ७०९ प्रमाणाचे असले की एक-एक-एक. यातला आकडा चुकला किंवा लिहिलाच नाही, की पडदा अंदाज बांधतो. चित्र आकारानं लहान दिसलं की काही पडदे ते जुन्या १९८२ च्या सूत्राचं समजतात आणि लाल-हिरव्यात खोट येते. उजेडाच्या चढाचं तर असं आहे, की चिठ्ठी अचूक असूनही एकच फाइल एका कॉम्प्युटरवर भरदार दिसते आणि दुसऱ्यावर फिकट, कारण तिथल्या कारागिरांनी तो चढ आपापल्या परीनं वाचायचं ठरवलंय. म्हणून तर म्हणतो, चूक होते कुठं आणि आपण दुरुस्त करतो काय! पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं तर आपण पत्ता सुधारतो, पत्रातला मजकूर नाही. पोरानं मजकूर बदलला. आणि बदलायला लावला आपण.

रंग परदेशी, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरून दुसऱ्याच्या यंत्रावर पाठवायचा आणि तो बिघडून परत यायचा, हे दुःख आपल्याला नवं नाही. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनं व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली 'सैरंध्री' काढला, तो भारतातला पहिला रंगीत चित्रपट व्हावा या जिद्दीनं. रंगाचं काम जर्मनीत करवून आणलं. १९३३ साली तो लोकांपुढं आला, पण मनात होते तसे रंग काही उतरले नाहीत. शेवटी पहिल्या संपूर्ण देशी रंगीत चित्रपटाचा मान १९३७ च्या 'किसान कन्या'ला गेला. मला यात एक गोष्ट चुटपुट लावून जाते. सैरंध्री म्हणजे द्रौपदी, आणि द्रौपदीचं एक नाव कृष्णा. सावळ्या नायिकेची गोष्ट, आणि घात करावा तो रंगानं!

पण प्रभातवाल्यांचं मोठेपण पाहा. चित्र बिघडलं तेव्हा "आमच्याकडं बरोबर दिसतंय" असं म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. सगळ्या थिएटरांत तीच फिल्म, तसाच पांढरा पडदा. चुकलं की सगळ्यांसमोर चुकलं. आज सोय झाली, कारण पडदा ज्याचा त्याचा झाला. अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीचं नाव एनटीएससी. तिथं रंग इतका हलायचा की तिकडचेच इंजिनिअर या अक्षरांचा अर्थ 'नेव्हर ट्वाइस द सेम कलर', म्हणजे दोनदा एक रंग दिसेल तर शपथ, असा सांगायचे. आपण मात्र जर्मनीत निघालेली पाल पद्धत घेतली. तिच्यात एकाआड एक ओळ उलटवून रंगाची चूक आपोआप फिटायची. सैरंध्रीचं कर्ज जर्मनांनी असं फेडलं म्हणायचं. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा सेटवर रंगाची खटकी होती, आणि ज्याच्या घरात सेट तो यजमान ती पिळून हॉकीचं मैदान पोपटी करून दाखवायचा. निदान तेव्हा पिळणारा हात तरी दिसायचा. आता हात अदृश्य आहे.

यावर एक ठरलेला युक्तिवाद असतो. तो असा, की "अहो, लोकांना कुठं एवढं कळतंय?" हा युक्तिवाद करणाऱ्यानं एकदा साड्यांच्या दुकानात जाऊन बसावं. आमच्या सौभाग्यवती साडी निवडतात तेव्हा ट्यूबलाइटखाली दुकानदार कितीही शपथा घेवो, त्या ती साडी उचलतात, दारात नेतात आणि उन्हात धरून बघतात. "तुमच्या दिव्याखाली बरोबर दिसतंय हो, पण मी घालणार बाहेर!" हे शास्त्र त्यांना कुठल्या इन्स्टिट्यूटनं शिकवलं? तुळशीबागेत रोज हजार बायका रंगाची जी परीक्षा घेतात, ती लाखाची यंत्रं ठेवणाऱ्यांनी एक्स्पोर्टच्या वेळी एकदा घेतली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. लोकांना कळतं. सासऱ्यांना कळलं होतं. त्यांना सोळा आणि २३५ माहीत नव्हते, पण करडी नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं हाच मूळ पुरावा होता आणि टीव्हीच्या किमतीपुढं तो कुणी ऐकला नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड असतो. "एवढं काय त्यात! रंगच तर आहे." त्याचं उत्तर मला द्यायला आवडलं नसतं, पण देतो. त्याच वर्षी पालखी पाटसवरून पुढं गेली आणि पंधरवड्याच्या आत सासूबाई गेल्या. फ्रेम करायला फोटो हवा होता. त्यांचे फोटो होते ते रेशनकार्डाच्या धर्तीचे, डोळे वटारलेले. सगळ्यांना हवी होती ती संक्रांतीची, चंद्रकळेतली, नातसुनेकडे बघून हसणारी. पोराकडे गेलो तर मूळ शूटिंग पुसलेलं. लगीनसराईत कार्डं आणि डिस्क रिकाम्या कराव्याच लागतात. तो रडवेला झाला. उरल्या होत्या दोन फाइली. एक करडी, सगळ्यांनी नावं ठेवलेली, आणि एक गडद, मेव्हण्यानं शाबासकी दिलेली.

भाच्यानं दोन्ही तपासल्या. गडद फाइलमध्ये काही नव्हतं. साडीच्या चुण्या, पदराचा पोत, काठाची तांबडी सावली, सगळं शून्यावर चेपून एक झालं होतं. एकदा शून्य झालेल्यातून काही परत येत नाही, मग ते बँकेचं खातं असो की चित्र. करड्या फाइलमध्ये मात्र एकही चुणी हरवलेली नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, हिला काही झालेलंच नाही. चिठ्ठी तेवढी चुकीची आहे." त्यानं चित्राला बोट न लावता चिठ्ठी बदलली, आणि त्याच चाळीस हजारांच्या टीव्हीवर साठ वर्षांपूर्वीची चंद्रकळा आपल्या सगळ्या घड्यांसकट उभी राहिली. सासरे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आता बराबर." आणि उठून ओसरीवर जाऊन बसले.

ज्या फाइलला आम्ही सगळ्यांनी सदोष ठरवलं ती शाबूत होती, आणि जिच्यावर आम्ही खूश झालो ती मेलेली होती. मेव्हण्यानं पोराचे कापलेले पैसे दिले. पण घरोघरी असा भाचा नसतो. किती घरांतल्या किती सासूबाई या दुसऱ्या तऱ्हेच्या फाइलीत कायमच्या अंधारात गेल्या असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

म्हणून पोरावर माझा राग नाही. माझा राग आहे तो एक्स्पोर्टच्या खिडकीत चाळीस बटणं देऊन कामाचं एकच आडबाजूला लपवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांवर. चिठ्ठी असूनही न वाचणाऱ्या आणि नसली तर मनचा अंदाज ठोकणाऱ्या यंत्रांवर. आणि टीव्ही दुकानात उठून दिसावा म्हणून 'व्हिव्हिड' नावाची भडक खोली लावून तो आपल्या घरी पाठवणाऱ्यांवर. त्या खोलीत विठोबासुद्धा निळा दिसतो. आणि थोडा राग आपल्यावर, कारण मोठा पडदा खरं बोलतो असं आपण धरून चालतो.

मागणं फार नाही. व्हिडिओ करणाऱ्यानं सुरुवातीलाच एक प्रमाण ठरवावं. आपल्या घरगुती कामाला ७०९ आणि सोळा ते २३५ हे पुरे. शूटिंगपासून एक्स्पोर्टपर्यंत तेच पाळावं. मामांच्या नव्या मोबाइलवरचं जास्त उजेडाचं, म्हणजे एचडीआर शूटिंग मध्ये जोडायचं असेल, तर आधी ते या प्रमाणात उतरवून घ्यावं. फाइल निघाली की तिची चिठ्ठी उघडून वाचावी. ती दाखवणारी साधनं फुकट मिळतात. मग तीच फाइल एका टीव्हीवर, एका मोबाइलवर आणि एका कॉम्प्युटरवर लावून बघावी. सगळीकडे तंतोतंत एक दिसणार नाही, ते देवालाही जमायचं नाही. पण एकाच ठिकाणी राख दिसली, तर चित्राला हात लावण्याआधी चिठ्ठी तपासावी. आणि गिऱ्हाइकाच्या एका टीव्हीसाठी मूळ चित्र कधीही गडद करू नये. फारच आग्रह झाला तर वेगळी प्रत द्यावी आणि मूळ जपून ठेवावं.

आपण घरच्यांनीही थोडं करावं. टीव्हीची ती भडक खोली बंद करून 'सिनेमा' नावाची निवडावी. कॉम्प्युटर तारेनं टीव्हीला जोडत असाल, तर दोन्हीकडं जमीन एकाच पायरीवर ठेवावी. एक शून्यावर आणि एक सोळावर ठेवलं की नवरा-बायकोत एकानं गॅस मोठा करायचा आणि दुसऱ्यानं लहान, तसं होतं. पिठलं कुणाच्याच मनासारखं होत नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी खुर्चीत रेलून "माझ्याकडं बरोबर दिसतंय" म्हणाला, तर भांडू नका, पैसे कापू नका. शांतपणे विचारा, "ते ठीक आहे हो, पण चिठ्ठी काय लावलीय?" त्याला उत्तर देता आलं तर निर्धास्त घरी जा. नाही आलं, तर साडी उचला आणि उन्हात न्या.